खंडूच्या नावावर

संयोगिताने खंडूची स्टीलची दोन भांडी घासून पुसून पिशवीत घातली. त्यांवर त्याचं पांघरूण ठेवलं, लसींचं पुस्तक ठेवलं आणि सगळ्यात वर तो रबरी चेंडू, जो कुरतडून कुरतडून आता निम्माच उरला होता. पिशवीला गाठ मारून तिने ती दाराशी आणून ठेवली. अंगणात पेरूच्या झाडाला बांधलेल्या खंडूने आधी पिशवीकडे पाहिलं, मग तिच्याकडे, आणि हनुवटी पुन्हा पंजांवर टेकवली.

"उद्या दहापर्यंत येतो म्हणालेत जयसिंगराव," ती आत तोंड करून म्हणाली.

"येऊ दे," तिचे वडील उदयसिंहराव, म्हणजे आबा, म्हणाले आणि त्यांनी पेपरचं पान उलटलं. ते पान त्यांचं मघाशीच वाचून झालं होतं.

जयसिंगराव हे त्यांचे नोकरीतले जुने सोबती. पादरा गावाजवळ त्यांची शेती होती. तिथे विहीर होती, आंब्याची झाडं होती, राखणीला दोन गडी होते आणि कुत्र्याला दिवसभर मोकळं सोडता येईल एवढी कुंपण घातलेली जागा होती. खंडूचं तिथे काही वाईट होणार नव्हतं. संयोगिता गेले चार दिवस स्वतःला हेच सांगत होती, आणि जी गोष्ट स्वतःला चार चार दिवस सांगावी लागते तिच्यात कुठेतरी पाणी मुरत असतं, हेही तिला कळत होतं. पण इलाज नव्हता. खंडू चावला होता, आणि तोही घरच्या माणसाला.

ही बातमी बारा दिवसांपूर्वी, एका सोमवारी सकाळी आली. आबांकडून नाही, त्यांच्या शेजारच्या कोमलबेनकडून. संयोगिता छाणीला राहायची, आई-आबा त्याच शहरात, सुभानपुऱ्यात. ती ऑफिसला निघण्याच्या बेतात असताना कोमलबेनचा फोन आला, आणि अर्ध्या मराठीत, अर्ध्या गुजरातीत त्यांनी सांगितलं की काकांच्या हातातून रक्त येतंय, खंडूने चावा घेतलाय, आणि हे आपण काकांच्याच तोंडून ऐकलंय. कोमलबेन सोसायटीच्या सेक्रेटरी होत्या. दुपारपर्यंत ती बातमी बावीसच्या बावीस टेनामेंटमध्ये, म्हणजे सोसायटीतल्या सगळ्या बैठ्या घरांत पोचली आणि संध्याकाळपर्यंत चाव्याला सात टाकेसुद्धा पडले. प्रत्यक्षात टाका एकही पडला नव्हता. कोपराच्या खाली बँडेज होतं, आणि ते आबांनी स्वतःच बांधलेलं होतं.

खंडू जातीने रॉटवायलर. संयोगिताचा धाकटा भाऊ अनुज याने तो चार वर्षांपूर्वी हौसेने आणला आणि वर्षभरात स्वतः पर्थला निघून गेला. हौस त्याची, कुत्रा आई-बापाच्या गळ्यात. तेव्हापासून संयोगिता आबांच्या मागे लागली होती की दोन म्हाताऱ्यांच्या घरात हे असलं धूड नको. नुसतं बोलून ती थांबली नव्हती. ती विमा कंपनीत दाव्यांच्या विभागात होती, पुरावा दिल्याशिवाय बोलायची तिला सवयच नव्हती. कोणत्या जातीची कुत्री किती जणांना चावली, त्यांतले किती चावे हाडापर्यंत गेले, किती माणसं दगावली, याच्या याद्या ती त्यांना वाचून दाखवी. मध्यंतरी सरकारने काही जातींवर बंदी आणली आणि ती कोर्टात अडकली, त्याची कात्रणंही तिने आणून दिली. रॉटवायलर त्या सगळ्यांत वरच्या पाचांत असायचा.

आबा शांतपणे ऐकून घेत आणि विचारत, या यादीत पॉमेरेनियन का नाही? कोमलबेनचा चीकू दूधवाल्याला तीनदा चावला. दूधवाल्याने हळद लावली आणि तो कामाला लागला. कागदावर काही आलं नाही, म्हणून तुझ्या यादीत चीकू म्हणजे साधुसंत. छोटं कुत्रं चावलं की लोक हसतात, मोठं चावलं की मोजतात. आणि सोसायटीची नोटीस येते ती मात्र खंडूला, चोर सोडून संन्याशाला फाशी. संयोगिता म्हणे, आबा, चीकूने धरलं तर पायजमा फाटतो, खंडूने धरलं तर हात जाईल, प्रश्न तेवढाच आहे. यावर आबा चहा मागत.

कुत्र्यांच्या बाबतीत त्यांना शिकवणं म्हणजे तसं धाडसच होतं. त्यांच्या घराण्यात पणजोबांपासून गायकवाड सरकारची चाकरी. पणजोबा पागेत घोडे राखायचे. उदयसिंहराव बाजव्याकडच्या रिफायनरीत सुरक्षा विभागाच्या श्वानपथकात एकतीस वर्षं होते. घोड्यावरून कुत्र्यावर आलो, असं ते स्वतःच हसत सांगत. त्या एकतीस वर्षांत त्यांच्या हाताखालून अल्सेशियन गेले, डॉबरमन गेले, लॅब्रेडोर गेले, आणि त्यांच्या अंगावर एका दाताची खूण नव्हती. पथकातला कुत्रा कोणाला चावलाच तर ते कुत्र्याबद्दल विचारतच नसत. त्याच्या आधी काय घडलं, एवढंच विचारत, आणि मग त्या माणसाला फैलावर घेत.

असा माणूस त्या सोमवारी फोनवर तिला म्हणाला होता, "तू म्हणत होतीस तेच खरं. जातीवर गेला."

चार वर्षांचा वाद संयोगिता त्या एका वाक्यात जिंकली. जिंकल्यावर बरं वाटायला हवं होतं. तिला वाटलं नाही. तिला वाटलं, आबा म्हातारे झाले.

मग पुढचं सगळं आबांनी निमूटपणे होऊ दिलं. खंडूला साखळी लागली. दवाखान्यात रांगेत उभं राहून ते इंजेक्शनं घेऊन आले, एक, दोन, तीन. पाचांतली दोन अजून राहिली होती. संयोगिता बरोबर जायची. सुई टोचायला ते डावा दंड पुढे करत आणि उजवा हात स्वेटरच्या बाहीत लपवून मांडीवर ठेवत. जखम मी बघते म्हटलं तर म्हणत, बांधलंय ना, कशाला सोडायचं. आयुष्यभर कुत्र्यांत वावरलेल्या माणसाला घरच्या कुत्र्याच्या चाव्याची लाज वाटत असेल, असं समजून तिनेही ताणलं नाही.

खंडू जाण्याचं खरं दुःख कोणाला होणार, ते मात्र घरात कोणी बोलत नव्हतं.

इंदिराबाईंचं, म्हणजे संयोगिताच्या आईचं विसरणं तीन वर्षांपूर्वी सुरू झालं. आधी गॅस, मग किल्ल्या, मग वार, मग माणसं. संयोगिताला त्या कधी संयोगिता म्हणत, कधी ताई म्हणत, कधी अगदी अदबीने अहो-जाहो करत. खंडूचं नाव मात्र त्या एकदाही चुकल्या नव्हत्या. कुलदैवत खंडोबा, ते नाव लग्न होऊन आल्यापासून ओठांवर होतं, म्हणून बाकीचं वाहून गेलं तरी ते राहिलं असावं. चंपाषष्ठीला भरीत-रोडग्याचा नैवेद्य आधी कुत्र्याला घालायचा, हेही राहिलं होतं. त्या पलंगावर बसल्या की खंडू खाली त्यांच्याकडे पाठ करून बसे, आणि त्यांचे पाय त्याच्या पाठीवर असत. तासन्‌तास दोघं तसे बसत. तेवढा वेळ त्यांना कोणाचं नाव आठवावं लागत नसे.

खंडूला बांधल्यापासून त्या खिडकीपाशी जाऊन उभ्या राहत. "अहो, त्याला का बांधलंय?" असं विचारत. आबा म्हणत, सोडतो थोड्या वेळाने. दहा मिनिटांनी त्या पुन्हा विचारत, आबा पुन्हा तेच सांगत, आणि दोघांच्याही आवाजात पहिल्या वेळचीच मऊ सुरुवात असे. संयोगिताला ते ऐकवत नसे.

त्यात भर म्हणजे दिवाळीत तीच एक बोलून बसली होती. दिवसभर सांभाळायला ठेवलेली बाई काम सोडून गेली, का तर आईने तिच्यावर हात उगारला. त्या संध्याकाळी स्वयंपाकघरात संयोगिता आबांना म्हणाली की आज नुसता उगारलाय. उद्या आई खरंच अंगावर यायला लागली तर तुम्ही एकट्याने करणार काय? तुमचं वय शहात्तर. तसं काही झालं तर आपल्याला तिला घरात ठेवता येणार नाही. वाघोडिया रोडवरच्या एका संस्थेचे कागदही तिने आणून दाखवले होते. जागा स्वच्छ होती, नर्स होत्या, फाटकाला कुलूप होतं. आबा कागद वाचून म्हणाले होते, बरोबर आहे तुझं. त्यांनी ते कागद खणात ठेवले. घरी जाताना संयोगिता निझामपुऱ्यापर्यंत ॲक्टिवा चालवत रडत गेली, आणि सिग्नलला शेजारच्या रिक्षावाल्याने विचारलं तेव्हा डोळ्यांत धूळ गेली असं तिने सांगितलं.

आज शनिवार. ती कालच राहायला आली होती. दहा वाजता आबा कापडी पिशवी घेऊन दूध आणि औषधं आणायला निघाले.

"आंघोळीचं मी आल्यावर बघतो," ते दारातून म्हणाले. "तू नको घालूस. तुला नाही जमायचं."

हे ते नेहमीच म्हणत. आईची आंघोळ हे एक काम त्यांनी कोणाला करू दिलं नव्हतं, पगारी बाईलासुद्धा नाही. संयोगिताला ते कधी गोड वाटे, कधी त्याचा राग येई. स्वतःच्या आईला आंघोळ घालायला न जमायला काय झालं? शिवाय उद्या जयसिंगराव येणार, आबांचं मन थाऱ्यावर नसणार, निदान आज तरी त्यांचा एक भार हलका करावा. तिने पाणी तापवलं, हात घालून पाहिलं, शिकेकाई कालवली आणि आईला हाताला धरून न्हाणीघरात नेलं.

सुरुवात छान झाली. इंदिराबाई स्टुलावर बसल्या. पायांवर पाणी घातलं तेव्हा त्या हसल्या. खांद्यांवर घातलं तेव्हा म्हणाल्या, कोमट आहे हो. त्यांचे खांदे केवढेसे राहिले होते. संयोगिता मनाशी म्हणाली, एवढं काय अवघड होतं यात? आणि तिने तांब्या भरून डोक्यावरून ओतला.

पाणी डोळ्यांत गेलं. इंदिराबाईंनी एकदम श्वास आत ओढला. दोन्ही हातांनी त्या हवेत काहीतरी शोधायला लागल्या, आणि संयोगिताचा हात तोंडासमोर आला तसा त्यांनी तो दातांनी धरला.

आधी तिला कळलंच नाही काय झालं. मग कळ डोक्यापर्यंत गेली. तिने हात मागे खेचला तशी पकड आणखी आवळली. तांब्या खाली पडून घरंगळत गेला. आईचे डोळे मिटलेले होते, सगळं अंग थरथरत होतं, आणि त्या सुरकुतलेल्या जबड्यात कुठून आलं होतं कोण जाणे इतकं बळ होतं. बाहेर खंडू उठून भुंकायला लागला. त्याची साखळी पेरूच्या खोडावर खणखणत होती.

"हात ओढू नकोस."

आबा न्हाणीघराच्या दारात उभे होते. दुधाची पिशवी अजून हातात होती. आवाज चढलेला नव्हता, उलट नेहमीपेक्षा एक पट्टी खालीच होता.

"ओढशील तितकं घट्ट धरेल. हात आत दे तिच्याकडे. ढिला सोड."

हा आवाज संयोगिताने ओळखला. लहानपणी रविवारी ती त्यांच्याबरोबर बाजव्याच्या मैदानावर जायची. नवीन भरती झालेल्या पोरांच्या बाहीला कुत्रं लटकलं की आबा लांबून याच आवाजात, हेच सांगायचे. इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून तो तिने ऐकला नव्हता. आता तो असा निघाला, जणू कालही वापरला होता. तिने हात आत दिला आणि ढिला सोडला.

आबा ओल्या फरशीवर इंदिराबाईंच्या समोर बसले, पँट भिजली तरी. त्यांनी टॉवेलच्या टोकाने आधी त्यांचे डोळे टिपले, मग कपाळ.

"इंदिराबाई, संपलं पाणी. गेलं बघा सगळं. मी आहे इथे."

हळूहळू जबडा सैल झाला. इंदिराबाईंनी डोळे उघडले आणि परगावच्या स्टेशनवर आपल्याला घ्यायला कोणीतरी आलंय अशा नजरेने त्या आबांकडे बघत राहिल्या. आबांनी त्यांना टॉवेलात गुंडाळलं, उठवलं, आणि संयोगिताकडे न बघता म्हणाले, "नळाखाली धर हात. साबण लावून. मी येतो."

संयोगिता मोरीशी उभी राहून हात धूत होती. मनगटाच्या वर दोन कमानी उमटल्या होत्या, एकीसमोर एक, बांगडीचे दोन तुकडे समोरासमोर ठेवावेत तशा. प्रत्येक दाताची खूण वेगळी दिसत होती. मध्ये दोन ठिकाणी रक्त आलं होतं. कुत्रा चावल्याचे फोटो तिने ऑफिसात शेकड्यांनी पाहिले होते. त्यांत सुळ्यांची खोल भोकं असतात, ओरखडे असतात, फाटलेलं असतं. लोकांच्या हकिगतींतली खोटी हकिगत ओळखणं हे तिचं वीस वर्षांचं काम, आणि घरचा कागद तिने न वाचताच मंजूर केला होता. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

आबा आईला कपडे घालून, उन्हात पलंगावर बसवून आले. त्यांनी तिचा हात हातात घेतला आणि पुन्हा पहिल्यापासून धुवायला लागले, लहानपणी गुडघा फुटला की धूत तसा, घाई न करता.

"आबा, तुमचा हात दाखवा," ती म्हणाली.

त्यांनी नळ बंद केला. उजवी बाही वर केली, बँडेज सोडलं. कोपराखाली दोन कमानी होत्या, आता पिवळसर पडलेल्या. त्याच्या वर आणखी एक जुनी खूण होती. डाव्या मनगटावरही एक होती, ती घड्याळाच्या पट्ट्याखाली झाकली जायची. संयोगिताने त्यावरून बोट फिरवलं आणि तिला रडू आलं.

"आंघोळीच्या वेळीच होतं," आबा म्हणाले. "एरवी नाही. डोळ्यांत पाणी गेलं की भिते. डोक्यावरून तांब्या ओतायचा नाही, ओला पंचा फिरवायचा. मी तुला सांगायला पाहिजे होतं."

"आणि खंडू?"

आबांनी बँडेज गुंडाळून बाजूला ठेवलं. मग त्यांनी सांगितलं. त्या सोमवारी रक्त जरा जास्त आलं. त्यांना पंचा आणायला एक मिनिट उशीर झाला होता. इंदिराबाई भानावर आल्या, रक्त पाहिलं आणि घाबऱ्या झाल्या. अहो, हे कोणी केलं, कोणी केलं, असं विचारत पदराने पुसायला लागल्या. विचारायच्या थांबेचनात.

"काय सांगणार होतो मी तिला? खंडू समोर उभा होता. तोंडातून त्याचं नाव गेलं. कोमलबेन दारात आल्यात ते मला माहीतच नव्हतं. आणि एकदा नाव गेल्यावर कोणी शंका घेतली नाही बघ. जात बघूनच लोकांना पटलं. चीकूचं नाव घेतलं असतं तर दहा जणांनी जखम बघायला मागितली असती."

"मला तरी सांगायचंत."

"तुला?" त्यांनी बाही खाली केली आणि बटण लावायला लागले. बटण काजात जाईना. "दिवाळीत तू बोललीस ते मला पटलं होतं, संयोगिता. तुझं काही चुकलं नव्हतं. म्हणून तर नाही सांगितलं."

तिने पुढे होऊन त्यांचं बटण लावलं.

"आणि उद्या खंडूला पाठवणार होतात."

"त्याला शेत मिळालं असतं," आबा म्हणाले. "विहीर, आंबे. तिला काय मिळालं असतं?"

फाटकाला कुलूप, संयोगिताच्या मनात आलं. तिने आपल्या जखमेवर मलम लावलं, पट्टी बांधली. आबांनी कपाटातून त्यांच्याच अँटिबायोटिक गोळ्यांचं पाकीट काढून तिला दिलं आणि संध्याकाळी धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन ये म्हणाले. मग आपली राहिलेली दोन इंजेक्शनं आपण घेऊन टाकणार असल्याचंही सांगितलं. मध्येच सोडली तर कोमलबेन विचारतील. एका कुत्र्याची अब्रू बुडवलीच आहे तर निदान नीट बुडवावी, असं ते म्हणाले, आणि दोघांनाही नको त्या वेळी हसू आलं.

ती अंगणात गेली. खंडू उभाच होता. तिने साखळीची कडी काढली तेव्हा तो लगेच धावला नाही, तिच्या पट्टी बांधलेल्या हाताचा वास घेत राहिला. चार वर्षांत तिने त्याला कधी हात लावला नव्हता. आता तिने त्याच्या रुंद कपाळावर हात ठेवला, आणि ते इतकं ऊबदार असेल असं तिला वाटलं नव्हतं.

"संयोगिताबेन, सोडला त्याला?" भिंतीपलीकडून कोमलबेनचा आवाज आला.

"हो. घरातच राहील," संयोगिता म्हणाली. "बाहेर नेताना तोंडाला जाळी बांधू. काही झालं तर मला विचारा, माझी जबाबदारी."

कोमलबेनना हे पटलं नाही. जातच तशी आहे ने, त्या म्हणाल्या, लोही, म्हणजे रक्त चाखलेलं जनावर, काकांना समजावा. संयोगिताने ऐकून घेतलं. चार वर्षं ती स्वतः याहून वेगळं काय बोलत होती? ती हो ने, हो ने म्हणत राहिली आणि खंडूच्या मागोमाग आत आली.

तो सरळ पलंगापाशी गेला होता, नेहमीच्या जागी, नेहमीसारखा पाठ करून. इंदिराबाईंचे पाय त्याच्या पाठीवर पोचलेसुद्धा होते. ओले केस खांद्यांवर होते, अंगावर उन्हाचा पट्टा होता, आणि चेहऱ्यावर मघाचं काही म्हणजे काहीच नव्हतं. संयोगिता फणी घेऊन त्यांच्या मागे बसली. दर बुधवारी सुट्टी मागायची, शनिवार-रविवार इथेच राहायचं, पृथ्वीराजशी आज बोलायचं, असे हिशेब तिच्या डोक्यात सुरू झाले होते. नवरा नाही म्हणणार नाही हे तिला माहीत होतं. संस्थेचे ते कागद खणातून काढून रद्दीत घालायचे, हेही त्यांत होतं. आबा चहाचे कप घेऊन आले आणि दारातच थांबले.

इंदिराबाईंनी मागे वळून तिचा हात धरला होता. पट्टीकडे त्या निरखून बघत होत्या.

"अगं, हे काय झालं? एवढं कोणी केलं?"

संयोगिताकडे उत्तरं तयार होती. कढईचा चटका होता, जिन्यात पडले होते. पण आईचा चेहरा इतका जवळ होता, आणि त्यावर इतकी काळजी होती, की त्यांतलं एकही वेळेवर तोंडाशी आलं नाही.

"खंडू चावला, आई," ती म्हणाली.

नाव ऐकून खंडूने मान वर केली. इंदिराबाई त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिल्या. मग वाकून त्यांनी त्याचा कान बोटांत धरला आणि हळूहळू कुरवाळायला लागल्या.

"त्याला रागावू नका हं," त्या म्हणाल्या. "भ्याला असेल. भ्यालं की चावतं, मुद्दाम कोणी चावत नाही." थोडं थांबून त्यांनी आबांकडे पाहिलं, मग पुन्हा तिच्याकडे. "त्याला कुठे पाठवू नका."

आबांनी आत येऊन कप पलंगाशी ठेवले. संयोगिताने फणी खाली ठेवली.

"नाही पाठवत," ती म्हणाली. "कुठ्ठे नाही पाठवत, आई."

इंदिराबाईंनी मान डोलावली आणि केस विंचरून घ्यायला पुन्हा तिच्याकडे पाठ केली.